सिस्टेमिक स्क्लेरोसिस आणि हृदय : 'एको नॉर्मल आहे' एवढ्यावर थांबू नये

शाल्मली :

माझ्या मोठ्या बहिणीला २०१३ साली सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे निदान झाले. स्क्लेरोडर्मा या नावाने हा आजार अधिक ओळखला जातो आणि त्या नावामुळेच हा कातडीचा आजार आहे असा समज होतो. आमच्याही घरी तो होता. थंड पाण्यात हात घातला की ताईची बोटे आधी पांढरीफटक, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लाल होत. बोटांची कातडी ताठ झाली होती, ओठांवर व गालांवर बारीक लाल ठिपके आले होते आणि रक्तात या आजारात दिसणारी अँटीसेन्ट्रोमिअर प्रतिपिंडे सापडली होती. कातडीचा कडकपणा कोपराच्या वर कधी गेला नाही, त्यामुळे हा 'मर्यादित' प्रकार आहे, फार काळजी करू नका, असे आम्हाला सांगण्यात आले आणि आम्ही ते मानले.

२०२१च्या दिवाळीच्या सुमारास तिला जिन्याच्या मधल्या वळणावर थांबावे लागू लागले. वजन वाढले आहे, पाळी जाण्याचे वय आहे, हिमोग्लोबिन १०.४ आहे, अशी कारणे सहज मिळाली. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन १२च्या वर गेले, पण धाप होती तशीच राहिली. मग टूडी एको झाला. अहवालाच्या शेवटी 'नॉर्मल स्टडी, ईएफ ६० टक्के' असे लिहिलेले होते आणि तो कागद आम्ही पुढचे चौदा महिने प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवत राहिलो.

त्याच अहवालात मधे कुठेतरी आणखी एक ओळ होती, की टीआरचा झोत मोजता आला नाही. तिचा अर्थ मला फार उशिरा कळला. फुप्फुसाच्या धमनीतला दाब एकोमध्ये थेट मोजला जात नाही. हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून थोडे रक्त मागे गळत असेल (याच गळतीला टीआर म्हणतात) तर त्या झोताचा वेग मोजतात, वेगाच्या वर्गाला चारने गुणतात आणि त्यात उजव्या वरच्या कप्प्यातील दाबाचा अंदाज मिळवतात. वेग सेकंदाला २.८ मीटर असेल तर गुणाकार साधारण ३१ येतो, ३.४ असेल तर ४६. झोतच पकडता आला नाही तर हा हिशोब मांडताच येत नाही. म्हणजे त्या दिवशी ताईचा फुप्फुसातला दाब नॉर्मल आहे असे कोणी मोजलेले नव्हते, तो कोणाला मोजताच आलेला नव्हता. आणि ईएफ, म्हणजे दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलले जाते हा आकडा, तर हृदयाच्या डाव्या बाजूचा. ताण येत होता उजव्या बाजूला.

पुढे दुसऱ्या संधिवाततज्ज्ञांनी फुप्फुसांची तपासणी नव्याने करून घेतली. फुंकरीची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, ८७ टक्के होती, परंतु फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज उतरतो हे दाखवणारा डीएलसीओ ४८ टक्क्यांवर आला होता. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी ६४० होते. त्यांनी उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी घालून दाब मोजण्याची तपासणी, सुचवले. त्यात फुप्फुसधमनीतला सरासरी दाब ३४, डाव्या बाजूची खबर देणारा वेज दाब १० आणि रक्तप्रवाह मिनिटाला ४ लिटर आढळला, म्हणजे फुप्फुसातील रक्तवाहिन्यांचा अवरोध ६ वुड युनिट झाला. पल्मनरी आर्टेरिअल हायपरटेन्शन (फुप्फुसातील धमन्यांचा उच्चदाब), थोडक्यात पीएएच, हे नाव त्या दिवशी आम्ही प्रथम ऐकले. आज ती दोन औषधांवर आहे आणि दुसरा मजला एका दमात चढते. गेलेले चौदा महिने मात्र माझ्या मनातून जात नाहीत.

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी हृदयाच्या तपासण्यांविषयीचे आपले अनुभव येथे लिहावेत आणि जाणकारांनी माझे चुकले असेल तेथे दुरुस्त करावे, म्हणून हा धागा काढला आहे.

कृष्णाकाठ :

शाल्मलीताई, मी संधिवाततज्ज्ञ म्हणून काम करतो. आपण लिहिलेला हिशोब बरोबर आहे आणि टीआर झोत न मिळाल्याची ओळ आपल्या नजरेला आली हे फार महत्त्वाचे आहे. मी थोडी भर घालतो, कारण या आजारात हृदय दोन वेगवेगळ्या वाटांनी दुखावते आणि या दोन वाटा एकमेकींत मिसळल्या की निदान चुकते.

आपल्या बहिणीच्या बाबतीत मूळ बिघाड फुप्फुसातील बारीक धमन्यांत आहे. त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि त्या वाटेने रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकते. फुप्फुसांतील तंतुमयता किंवा मूत्रपिंडांवर आलेले संकट यांचाही ताण असाच बाहेरून हृदयावर येतो. दुसऱ्या वाटेत आजार हृदयाच्या स्नायूतच शिरतो. हिवाळ्यात बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात तशा हृदयाच्या स्नायूतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या वारंवार आकसतात. प्रत्येक वेळी स्नायूचा थोडा भाग रक्ताविना राहतो, मग रक्त परत येते आणि त्या ओढाताणीत स्नायूतंतू मरून तेथे व्रण उरतो. असे व्रण दोन्ही बाजूंच्या भिंतींत विखुरलेले असतात आणि एखाद्या मोठ्या कोरोनरी धमनीच्या हद्दीत बसत नाहीत. त्यामुळेच छातीत दुखते म्हणून अँजिओग्राफी केली, धमन्या स्वच्छ निघाल्या आणि 'हृदय ठणठणीत आहे' असे सांगून रुग्णाला घरी पाठवले, असे घडते. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात, हा आजार मात्र त्यांच्या पलीकडच्या केशवाहिन्यांत असतो.

या व्रणांमुळे हृदय आधी ताठ होते, म्हणजे आकुंचन चांगले असते पण सैलावताना त्रास होतो. विजेच्या वहनमार्गात व्रण पडला तर ठोके चुकतात किंवा अडतात. हृदयाच्या आवरणात पाणी साठू शकते. कधी स्नायूला उघड दाह होतो आणि तेव्हा काही आठवड्यांतच हृदय निकामी होऊ लागते. युरोपातील रुग्णांच्या मोठ्या नोंदवहीवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यक्ष या आजारामुळे झालेल्या मृत्यूंपैकी ३५ टक्के फुप्फुसांच्या तंतुमयतेने, २६ टक्के पीएएचने आणि २६ टक्के हृदयविकाराने झाले होते. पीएएचचा शेवटही उजव्या हृदयाच्या थकण्यात होतो, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा अखेरचा प्रश्न हृदयाचाच होता असे म्हणावे लागेल.

देवराई :

माझ्या वडिलांचा प्रकार 'पसरलेला' होता. सहा महिन्यांत कातडी दंडांपर्यंत आणि छातीपर्यंत ताठ झाली, गुडघा हलवला की कातड्यावर कातडे घासल्यासारखा आवाज येई, आणि खुर्चीतून उठायलाही आधार लागू लागला. रात्री पडल्यावर छातीत धडधड होते असे ते सांगत. तेव्हा काढलेला ईसीजी अर्ध्या मिनिटाचा होता आणि तो बरा आला. आजाराचे दडपण आहे, मन शांत ठेवा, असे एका ठिकाणी सांगण्यात आले. माझी पुतणी नर्स आहे, तिने हट्ट धरून चोवीस तास सतत ईसीजी नोंदवणारा होल्टर लावायला लावला. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे अवेळी ठोके त्यात हजारोंनी सापडले आणि दोनदा ते सलग धावलेले होते.

पुढे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन वाढलेले आढळले आणि कार्डिअॅक एमआरआय झाला. त्यात स्नायूच्या भिंतीत सूज आणि व्रण दोन्ही दिसले. माझा प्रश्न असा आहे, की ट्रोपोनिनवरून तेव्हा बराच गोंधळ झाला होता. एका डॉक्टरांचे म्हणणे होते की ते हृदयातून आलेले नसून मांडीच्या स्नायूंतून आलेले असावे. असे खरेच होते का?

कृष्णाकाठ :

देवराई, होय, असे होते. ट्रोपोनिनचे टी आणि आय असे दोन प्रकार प्रयोगशाळांत मोजले जातात. हातापायांच्या स्नायूंना दाह झालेला असेल तर ट्रोपोनिन टी हृदयाला काहीही झालेले नसताना वाढलेले दिसू शकते. ट्रोपोनिन आय त्या मानाने हृदयाशी अधिक इमानदार आहे. आपले वडील खुर्चीतून उठताना आधार घेत होते, म्हणजे त्यांच्या स्नायूंनाही दाह असण्याची शक्यता होती, आणि अशा रुग्णात ट्रोपोनिन टी एकट्याने पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. मात्र याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांच्या हातापायांच्या स्नायूंना दाह आहे त्यांच्या हृदयाच्या स्नायूलाही दाह होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे 'ते मांडीतून आले असेल' एवढे म्हणून थांबणे तितकेच चूक आहे. आय प्रकार मोजावा आणि शंका उरली तर एमआरआय करावा, हा योग्य मार्ग आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत तोच घेतला गेला.

वेगाने पसरणारी कातडी, सांध्यांजवळची घासणारी कुरकुर आणि स्नायूंचा अशक्तपणा ही तिन्ही चिन्हे एकत्र असतील तर पहिल्या काही वर्षांत हृदयावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. मर्यादित प्रकारात पीएएच बहुधा उशिरा, कित्येकदा दहा वर्षे उलटल्यावर येतो. शाल्मलीताईंच्या बहिणीचा काळ याच्याशी जुळतो. दुर्दैवाने तोपर्यंत रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही आजार स्थिरावला असे वाटू लागलेले असते.

अनघा_ना :

मी स्वतः रुग्ण आहे, सोळा वर्षे झाली. एक व्यवहारातली गोष्ट लिहिते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आम्हा लोकांच्या गार, आकसलेल्या बोटांवर भलतेच आकडे दाखवते. एकदा तपासणीच्या खोलीत वातानुकूलन इतके तीव्र होते की बोटावर ८१ दिसले आणि सगळ्यांची धावपळ झाली. कानाच्या पाळीला लावल्यावर ९७ आले. सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीत हाच घोळ होतो. कपाळाला किंवा कानाला लावायचे उपकरण आहे का हे आधी विचारावे, हातमोजे आणि शाल बरोबर न्यावी.

आता मला जे विचारायचे आहे ते. माझ्या डॉक्टरांनी यंदा कॅथेटर घालून तपासणी करू या असे म्हटले आहे. एकोत दाब थोडा वाढलेला दिसला आहे. एको आहे, रक्ततपासणी आहे, तर सरळ गोळ्या सुरू करून पाहिल्या तर काय बिघडेल? हृदयापर्यंत नळी घालण्याची मला मनापासून भीती वाटते.

कृष्णाकाठ :

अनघाताई, भीती वाटणे साहजिक आहे, परंतु नळी टाळून गोळ्या सुरू करणे हा या आजारात नळीपेक्षा मोठा धोका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

एकोमध्ये फुप्फुसातला दाब वाढलेला दिसला तरी तो का वाढला हे एको खात्रीने सांगू शकत नाही. ताठ झालेल्या डाव्या हृदयामुळे रक्त मागे तुंबून दाब वाढला असेल, तंतुमय फुप्फुसांमुळे वाढला असेल किंवा धमन्याच अरुंद झाल्या असतील. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये ही तिन्ही कारणे एकाच माणसात सापडू शकतात. धमन्या सैल करणारी औषधे तिसऱ्या कारणावर आहेत. पहिल्या कारणात, किंवा फुप्फुसातील बारीक शिराही अरुंद झालेल्या असतील तेव्हा, हीच औषधे फुप्फुसात पाणी भरवू शकतात. कॅथेटरच्या टोकाचा फुगा धमनीत अडकवून जो वेज दाब मोजतात तो डाव्या बाजूची खबर देतो. तो १५ किंवा त्याहून कमी, सरासरी दाब २०पेक्षा जास्त आणि अवरोध २ वुड युनिटपेक्षा जास्त असेल, तेव्हा आज त्याला धमन्यांचा, म्हणजे केशवाहिन्यांच्या अलीकडचा, उच्चदाब म्हणतात. ही व्याख्या युरोपच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतील आहे. त्यापूर्वी कित्येक वर्षे सरासरी दाबाची सीमा २५ होती, त्यामुळे जुन्या अहवालांवरील 'नाही' हा शेरा आजही 'नाही' असेलच असे धरून चालू नका.

तपासणी मानेतील किंवा जांघेतील शिरेतून होते, जागा बधिर करतात, रुग्ण जागा असतो. ही अँजिओग्राफी नव्हे. नळी शिरेतून जाते, धमनीतून नाही. अनुभवी केंद्रांतील ७,२१८ तपासण्यांचा आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला होता, त्यात गंभीर त्रास १.१ टक्के वेळा झाला आणि मृत्यू चार झाले. म्हणजे धोका शून्य नाही, पण ज्या केंद्रात अशा तपासण्या नेहमी होतात तेथे तो लहान आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि तशाच अवस्थेत तो क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत गेला होता. या कामासाठी त्याला १९५६ साली इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. ही हकीकत मी माझ्या रुग्णांना नेहमी सांगतो आणि तिने थोडा धीर येतो असा अनुभव आहे.

थेम्सकाठ :

मी लंडनमध्ये राहतो, पत्नीला मर्यादित प्रकारचा स्क्लेरोसिस आहे. येथे तिला दर वर्षी एको, ईसीजी, डीएलसीओसह फुप्फुसांची तपासणी आणि एनटी-प्रोबीएनपी यांसाठी बोलावतात, तिला काहीही त्रास नसला तरी. सुरुवातीला आम्हाला हा अतिरेक वाटे. मग कळले की एकट्या वर्षाच्या आकड्याला फार अर्थ नसतो, गेल्या चार वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की उतार दिसतो.

एक शंका आहे. पीएएच लवकर ओळखण्यासाठी डिटेक्ट नावाची जी पद्धत सांगतात तिच्यात यूरिक अॅसिड का मोजतात? त्याचा हृदयाशी काय संबंध?

कृष्णाकाठ :

डिटेक्टचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. आजार तीन वर्षांहून जुना आणि डीएलसीओ ६० टक्क्यांच्या खाली असलेल्या ४६६ रुग्णांचे, त्रास असो वा नसो, कॅथेटरायझेशन केले गेले. त्यांपैकी ८७ जणांना, म्हणजे १९ टक्क्यांना, पीएएच निघाला. मग कोणत्या साध्या गोष्टींवरून हे लोक आधी ओळखता आले असते ते पाहिले. पहिल्या पायरीवर एफव्हीसी आणि डीएलसीओ यांचे गुणोत्तर, चेहऱ्यावरचे लाल ठिपके, अँटीसेन्ट्रोमिअर, एनटी-प्रोबीएनपी, यूरिक अॅसिड आणि ईसीजीवर उजवीकडे झुकलेला अक्ष अशा सहा गोष्टींचे गुण मांडतात. ठराविक गुणांच्या पुढे गेल्यावर एकोमध्ये उजव्या वरच्या कप्प्याचे क्षेत्रफळ आणि टीआरचा वेग पाहतात. यूरिक अॅसिड वाढते कारण हृदयाकडून रक्तपुरवठा कमी पडला की पेशींना प्राणवायू कमी पडतो आणि मूत्रपिंडांतून या आम्लाचा निचराही मंदावतो. शाल्मलीताई, आपल्या बहिणीच्या ओठांवरचे ठिपकेही त्या सहांपैकी एक होते.

या पद्धतीने ४ टक्के रुग्ण निसटले, तर तेव्हाच्या एकोवर भर देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांनी २९ टक्के निसटले असते. किंमत अशी, की कॅथेटरसाठी पाठवलेल्यांपैकी साधारण दर तिघांतील दोघांना पीएएच नसतो. मला ही किंमत मान्य आहे. मात्र प्रत्येकाला दर वर्षी एमआरआय करावा असे मी म्हणणार नाही. धडधड, चक्कर, वाढलेले ट्रोपोनिन, एकोत स्नायू किती आकसतो हे मोजणाऱ्या 'स्ट्रेन'मध्ये घट, अशी काही खूण असेल तरच तो करावा. मूत्रपिंडे फार कमजोर असतील तर त्यासाठी शिरेतून द्यायचे गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य विचारपूर्वक द्यावे लागते.

शाल्मली :

ते सहा मुद्दे वाचताना मन अस्वस्थ झाले, कारण त्यांपैकी ठिपके आणि प्रतिपिंडे तर २०१३च्या पहिल्या कागदावरच लिहिलेली होती. मी आता ताईच्या एकोच्या वेळी तीन गोष्टी कागदावर लिहून नेते : टीआरचा वेग मिळाला का, उजव्या वरच्या कप्प्याचे क्षेत्रफळ किती, आणि टॅप्से, म्हणजे उजव्या बाजूचे आकुंचन, किती मिलिमीटर. टॅप्से १७च्या खाली गेले तर विचारायला सांगितले आहे. एको करणाऱ्या डॉक्टरांना आजाराचे नाव आधी सांगितले तर ते उजव्या बाजूकडे अधिक वेळ देतात असा माझा अनुभव आहे; नुसते 'धाप लागते' एवढेच चिठ्ठीवर असेल तर तपासणीचा सारा रोख डाव्या बाजूवर राहतो.

देवराई :

कृष्णाकाठ डॉक्टर, स्टेरॉइडविषयीही दोन शब्द लिहावेत. वडिलांना हृदयाच्या दाहासाठी ते द्यावे लागले, पण त्याआधी सांधेदुखीसाठी एका ठिकाणी बरेच मोठ्या मात्रेत दिले गेले होते आणि नंतर कळले की तेच टाळायचे असते.

कृष्णाकाठ :

बरोबर आहे. प्रेडनिसोलोन दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यास मूत्रपिंडांवर अचानक संकट येण्याचा धोका वाढतो, विशेषतः पसरणाऱ्या प्रकाराच्या पहिल्या वर्षांत. रक्तदाब एकाएकी चढतो, मूत्रपिंडे बंद पडू लागतात आणि आधीच ताठ असलेले हृदय त्या दाबाखाली कोलमडते. हृदयाच्या दाहात स्टेरॉइड द्यावेच लागते तेव्हा घरी रोज रक्तदाब मोजून वहीत लिहावा, आणि नेहमीच्या दाबापेक्षा तो अचानक वर गेलेला दिसला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. धडधडीसाठी बीटा ब्लॉकर दिले असतील आणि बोटांचा त्रास वाढला असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, स्वतः बंद करू नये.

मुक्तछाया :

हा धागा वाचून आईची फाइल काढली. २०१९ साली एफव्हीसी ८८ आणि डीएलसीओ ७४ होता. मागच्या महिन्यात एफव्हीसी ८६ आणि डीएलसीओ ५२. फुंकर चांगली आहे, काळजी नको, असे आम्हाला सांगितले गेले. आजाराला अकरा वर्षे झाली. तिला धाप लागत नाही, पण गुडघे दुखतात म्हणून ती फारशी चालतच नाही.

कृष्णाकाठ :

मुक्तछाया, जी व्यक्ती चालतच नाही तिला धाप लागत नाही याचा आधार घेता येत नाही. एफव्हीसी जागेवर आणि डीएलसीओ बावीसने उतरलेला आहे, भागाकार १.६५ येतो. फुप्फुसे आकसली असती तर दोन्ही आकडे बरोबरीने उतरले असते. एकटा डीएलसीओ उतरतो तेव्हा रक्तवाहिन्यांचा संशय घ्यावा लागतो. हिमोग्लोबिन कमी असेल तरीही डीएलसीओ कमी दिसतो, आणि या आजारात जठरातून नकळत रक्त जाते, म्हणून ते आधी पाहावे. त्याबरोबर एनटी-प्रोबीएनपी, यूरिक अॅसिड, ईसीजी आणि उजव्या बाजूचा नीट एको करून घ्यावा. २०१९चा कागद बरोबर न्यायला विसरू नका.

मुक्तछाया :

हिमोग्लोबिन १२.१ आहे, ते याच महिन्यातले. आमच्या संधिवाततज्ज्ञांना दोन्ही वर्षांचे कागद पाठवले, त्यांनी सोमवारी सकाळी एको आणि रक्ततपासणीसाठी बोलावले आहे. शाल्मलीताईंच्या त्या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घेतल्या आहेत. आकडे आले की येथे लिहिते.